थाई येत नाही, इंग्रजीही जेमतेम: बँकॉकहून अयुथयाची एका दिवसाची सहल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईहून बँकॉकला जाणाऱ्या बहुतेक सहलींत एक दिवस मोकळा असतो. तो दिवस मॉलमध्ये किंवा हॉटेलच्या खोलीत जातो, कारण गटातल्या निम्म्या लोकांना वाटते की भाषा येत नाही तर बाहेर कसे पडायचे. हे पान त्या मोकळ्या दिवसात अयुथया या जुन्या राजधानीच्या गावी जाऊन येण्यासाठी आहे. दादर, गिरगाव, मुलुंड, डोंबिवली इथल्या ओळखीच्या घरांतून, महिला मंडळांतून आणि ज्येष्ठ नागरिक संघांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

भाषा येत नसताना परदेशात दिवसभर आपले आपण फिरणे खरेच जमते का?

जमते. दिवसभरात तुम्हाला परक्या माणसाशी बोलावे लागते ते मोजक्या वेळा: तिकीट काढताना, गाडीत बसण्याआधी खात्री करताना, नदी ओलांडताना, टुकटुक (तीनचाकी रिक्षा) ठरवताना, जेवताना आणि परत येताना. या प्रत्येक वेळी समोरच्याला तुमच्याकडून जागेचे नाव, माणसे किती, पैसे किती आणि वेळ कोणती एवढेच हवे असते. या चारही गोष्टी कागदावर दाखवता येतात. गप्पा मारता येणार नाहीत हे खरे, पण गाडी, जेवण आणि देऊळ यांवाचून अडणार नाही.

पण मला इंग्रजीसुद्धा धड येत नाही. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बहुतेकदा हळू आवाजात. म्हणून सविस्तर सांगते.

बँकॉकच्या मोठ्या हॉटेलात आणि विमानतळावर इंग्रजी चालते. अयुथयाच्या होडीच्या धक्क्यावर, टुकटुकच्या थांब्यावर, खाऊच्या गाडीवर ते फारसे चालत नाही. तिथे फाडफाड इंग्रजी बोलणारा आणि फक्त मराठी बोलणारी बाई एकाच पायरीवर उभे असतात. दोघांनाही बोट दाखवावे लागते, आकडा लिहावा लागतो, हसून मान झुकवावी लागते. उलट ज्यांना इंग्रजीचा भरवसा असतो ते तयारी न करता निघतात आणि मोठमोठ्या वाक्यांत बोलत राहतात, समोरचा गोंधळतो. ज्यांना ते येत नाही ते चिठ्ठी घेऊन निघतात आणि त्यांचे काम लवकर होते. आयुष्यभर लोकलने नोकरी केलेल्या, बँकेची, रेशनची, शाळेची सगळी कामे निभावलेल्या बायकांनी ‘आपल्याला इंग्रजी येत नाही’ म्हणून खोलीत बसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. रोमन अक्षरे ओळखता आली तर सोपे जाते. तीही येत नसतील तर बरोबर एखादी वाचणारी व्यक्ती असावी. त्यापलीकडे इंग्रजीची अट नाही.

अयुथयाच का?

बँकॉकहून रेल्वेने ७१ किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून बदलापूर जेवढे लांब साधारण तेवढेच. गाव म्हणजे एक बेट आहे. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्यांनी वेढलेले असल्यामुळे माणूस फार भरकटत नाही. चालत राहिलात की कुठेतरी नदी आडवी येते.

आणि पाहण्यासारखे खूप आहे. १३५० च्या सुमारास वसलेली ही सयामची (म्हणजे जुन्या थायलंडची) राजधानी चारशे वर्षांहून अधिक काळ नांदती होती. पोर्तुगीज, डच, जपानी व्यापाऱ्यांच्या वस्त्या नदीकाठी होत्या. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ती घेतली आणि जाळली. आपल्या पानिपतानंतर सहा वर्षांनी. विटांचे उंच मनोरे, डोकी उडवलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा, छप्पर नसलेली सभागृहे अशी ती आजही उभी आहे. १९९१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. वसईचा किल्ला मन लावून पाहणाऱ्या माणसाला इथे एक दिवस कमी पडतो.

मुंबईतून निघण्याआधी काय करून ठेवावे?

व्हिसाचे नियम आधी तपासा. २०२४ च्या जुलैपासून भारतीय पर्यटकांना साठ दिवसांची व्हिसामाफी दिली होती, पण असे नियम बदलत असतात. तिकीट काढण्याच्या दिवशी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाची माहिती पाहावी, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचे ऐकून निघू नये.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरताना डिजिटल आगमन पत्र भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि फुकट असते. पैसे मागणारी नकली संकेतस्थळे बरीच आहेत. खरे संकेतस्थळ थाई इमिग्रेशन खात्याचे आहे, त्याचा पत्ता ‘गो डॉट टीएच’ने संपतो.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवी कार्डे फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतात, परदेशातला वापर आपण मागावा लागतो.

फोनमध्ये भाषांतराचे अ‍ॅप घ्या आणि त्यात थाई, इंग्रजी आणि मराठी तिन्ही भाषा उतरवून ठेवा. मग नेट नसले तरी ते चालते. बँकॉक आणि अयुथयाचा नकाशाही तसाच उतरवून ठेवा. नकाशावरचा आपला निळा ठिपका नेट बंद असतानाही हलतो, हे अनेकांना माहीत नसते.

आणि एक रंगीत तालीम मुंबईतच करा. एखाद्या रविवारी फोनचे नेट बंद करून, कोणालाही न विचारता, फक्त उतरवलेल्या नकाशावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाऊन या. (सोमवारी नको, उद्यान बंद असते.) फोन कुठे अडतो, बॅटरी किती उतरते, चष्मा न काढता नकाशा दिसतो का, हे सगळे तिथे कळते. शिवाय स्तूप आणि विहार डोळ्यांना ओळखीचे होतात. ज्यांनी ही तालीम केली त्यांची परदेशातली भीती निम्मी झाली, असे मी पाहिले आहे.

चिठ्ठ्या म्हणजे नक्की काय? कोणत्या लिहून घ्यायच्या?

सगळ्या दिवसाचा भार या चिठ्ठ्यांवर असतो. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या रिसेप्शनवर जा आणि तिथल्या माणसाकडून थाई लिपीत लिहून घ्या. भाषांतराच्या अ‍ॅपने छापलेले वाक्य चालते, पण थाई माणसाने हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचताना समोरच्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ लगेच जातो. रिसेप्शनवाल्यांना याची सवय असते. गर्दीच्या वेळी न जाता रात्री आठ-नऊला जा.

पहिली चिठ्ठी हॉटेलची: नाव, पत्ता, जवळचे मेट्रो स्टेशन आणि हॉटेलचा फोन. हॉटेलचे कार्ड असेल तरी ते थाई लिपीत आहे ना, हे पाहून घ्या.

दुसरी गाडीची: ‘अयुथया, साधी गाडी, तिसरा वर्ग, आज, इतकी माणसे.’ मागच्या बाजूला परतीची, अयुथयाहून बँकॉक.

तिसरी देवळांची. ज्या देवळांना जायचे त्यांची नावे क्रमाने, एकाखाली एक, आणि शेवटी पुन्हा रेल्वे स्टेशन. ही चिठ्ठी टुकटुकवाल्याच्या हातात द्यायची.

चौथी जेवणाची, तिच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

पाचवी औषधांची. मधुमेह, रक्तदाब, कोणत्या औषधाची किंवा खाण्याची अ‍ॅलर्जी, आणि बरोबरच्या माणसाचा फोन. ही प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवी. गटप्रमुखाच्या पर्समध्ये सगळ्यांच्या ठेवू नका.

प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात ती कशाची आहे हे मराठीत लिहा, नाहीतर ऐन वेळी औषधांची चिठ्ठी तिकिटाच्या खिडकीत जाईल. आणि सगळ्यांचे फोटो काढून ठेवा.

गाडी कुठून मिळते?

इथे जुनी माहिती घेऊन निघालेले लोक चुकतात. १९ जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून सुटतात. जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकातून साध्या गाड्या अजून सुटतात. दोन्ही ठिकाणे मेट्रोच्या निळ्या मार्गावर आहेत. हुआ लाम्फोंगसाठी त्याच नावाचे मेट्रो स्टेशन, नव्या स्थानकासाठी बांग सू.

माझे मत हुआ लाम्फोंगच्या बाजूने आहे. स्थानक आटोपशीर आहे, फलाट एका नजरेत दिसतात, आणि तिथली साधी गाडी म्हणजे तिसरा वर्ग, पंखे, उघड्या खिडक्या, डब्यातून फिरणारे खाऊवाले. मुंबईकराला त्या डब्यात काहीच शिकावे लागत नाही. तिकीट साधारण २० बाट (हे थाई चलन) आणि वेळ दीड ते दोन तास. साध्या गाडीत जागा राखीव नसते, रिकामी दिसेल तिथे बसायचे. काही डब्यांत भिक्खूंसाठी बाके राखीव असतात, ती सोडून द्या.

नवे स्थानक प्रचंड मोठे आहे, वातानुकूलित आहे आणि तिथून सुटणाऱ्या गाड्या जलद आहेत. पण त्यांची भाडी वेगवेगळी असतात आणि एकाच खिडकीतून चार तऱ्हेची तिकिटे मिळू शकतात. गुडघेदुखी असलेल्यांनी किंवा उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी तीच गाडी घ्यावी.

सकाळी सातच्या आसपास स्थानकात असा. खिडकीत चिठ्ठी द्या, तिकीट हातात आल्यावर त्यावरचा गाडी क्रमांक आणि वेळ बघून फलकाशी जुळवा, आणि फलाटावरच्या गणवेशातल्या माणसाला तिकीट दाखवून ‘अयुथया?’ एवढेच विचारा. तो बोटाने गाडी दाखवतो. गाडीत चढल्यावर शेजारच्या प्रवाशालाही एकदा विचारा.

तिकिटावर २५६९ असे साल छापले आहे. चुकीचे तिकीट मिळाले का?

नाही. थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो, तो इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे असतो. २०२६ म्हणजे तिकडे २५६९. दुकानातल्या वस्तूंच्या तारखाही कधी कधी अशाच असतात.

सकाळी आठ वाजता स्थानकात सगळे अचानक उभे राहिले. काय झाले होते?

राष्ट्रगीत. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी वाजते. आपणही थांबायचे, फोन खाली करायचा, संपल्यावर चालायला लागायचे.

आपले स्टेशन आले हे कसे कळणार?

फलकावर थाईखाली रोमन अक्षरांत नाव असते. तरी फलकाच्या भरवशावर राहू नका, डबा मागे थांबला तर फलक दिसतच नाही. निघताना घड्याळ बघा, तासभर झाला की नकाशा उघडा आणि निळा ठिपका नद्यांच्या वेढ्याकडे सरकताना पाहा. बांग पा-इन हे स्टेशन गेले की सामान आवरायला घ्या. चेकर तिकीट बघायला येतो तेव्हा त्याला तुमचे स्टेशन कळलेले असते, आणि उतरायच्या वेळी तो बहुतेकदा हाताने खूण करतो. स्टेशन चुकलेच तर पुढच्या थांब्यावर उतरा आणि परतीची चिठ्ठी दाखवून उलटी गाडी पकडा. अशा चुकीने फार तर दुपार थोडी लहान होईल.

अयुथया स्टेशनाबाहेर आल्यावर पुढे काय?

स्टेशन बेटाच्या बाहेर, नदीच्या पूर्वेला आहे. समोरचा रस्ता ओलांडून सरळ गल्लीत शिरलात की होडीचा धक्का लागतो. काही बाट देऊन दोन-तीन मिनिटांत पलीकडे. पलीकडून मुख्य अवशेष दीड-दोन किलोमीटरवर आहेत. सायकली भाड्याने मिळतात, रस्ते सपाट आहेत, ज्यांना सायकलची सवय आहे त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी स्टेशनाबाहेरूनच टुकटुक घ्यावी, होडीची गरज पडत नाही.

टुकटुकवाल्याशी भाव कसा ठरवायचा?

इथल्या टुकटुकला पुढे फुगीर तोंड असते आणि मागे समोरासमोर दोन बाकडी. चार-पाच जणांना पुरते.

आधी देवळांची चिठ्ठी त्याच्या हातात द्या. मग फोनच्या कॅल्क्युलेटरवर तासांचा आकडा दाखवा, उदाहरणार्थ ४. तो भावाचा आकडा दाबेल. तुम्ही तुमचा दाबा. दोन-तीनदा फोन इकडून तिकडे जातो आणि सौदा ठरतो. ठरलेला आकडा चिठ्ठीच्या मागे लिहा. हा भाव सगळ्यांचा मिळून की माणशी, हे बोटांनी विचारून घ्या: सगळ्यांभोवती हात फिरवून एक बोट दाखवा. वाद होतो तो याच मुद्द्यावर होतो. गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढा, पैसे शेवटच्या थांब्यावर द्या. तिथले बरेच टुकटुकवाले देवळांच्या फोटोंचा कागदच बाळगतात, त्यावर बोट ठेवले तरी चालते. ठरवाठरवी नकोच असेल तर ग्रॅब अ‍ॅपवर गाडी मागवा, भाव आधीच दिसतो.

आवाज चढवू नका. दादरच्या मंडईत भाव करताना आपण जो सूर लावतो तो तिथे भांडणाचा वाटतो. आणि बोटांच्या पेरांवर मोजून दाखवू नका, ती आपली पद्धत तिकडे कळत नाही. एकेक बोट उघडून दाखवा. मान डोलावून हो-नाही सांगण्याच्या आपल्या सवयीचेही तसेच आहे.

दिवसभरात किती देवळे पाहावीत?

चार, फार तर पाच. दहा पाहण्याचा हट्ट धरणारे दुपारी दोनपर्यंत थकतात.

‘वात’ म्हणजे देऊळ. वात महाथातमध्ये पिंपळवर्गीय झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे मस्तक आहे. तिथे सकाळी आधी जा, नंतर गर्दी होते. त्याच्या शेजारीच वात रातचाबुराना, १४२४ साली बांधलेले. त्याच्या मनोऱ्याच्या पोटातले सोने १९५७ मध्ये चोरांनी लुटले, उरलेले पुरातत्त्व खात्याने काढून चाओ साम फ्राया संग्रहालयात ठेवले आहे. दागिने, राजाची तलवार, सोन्याचा छोटा हत्ती. सोनाराच्या कामाची आवड असलेल्यांनी ते संग्रहालय चुकवू नये, तिथे पाटी वाचता आली नाही तरी काही अडत नाही. मग वात फ्रा सी सानफेत, राजवाड्याच्या आवारातले तीन घंटाकार स्तूप, ज्यांत राजांच्या अस्थी ठेवल्या होत्या. दुपारी वात फानान चोएंग, अयुथया वसण्याआधीचे, १३२४ सालचे. तिथली बसलेली बुद्धमूर्ती १९ मीटर उंच आहे आणि आजही रोज पूजा चालते. उन्हे उतरताना नदीपलीकडचे वात चायवत्थनाराम, १६३० चे.

मुख्य अवशेष साधारण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडे असतात. परदेशी माणसाचे तिकीट थाई माणसापेक्षा जास्त असते, दर दारावर लिहिलेले असतात. हत्तीवर बसण्याचा आग्रह झाला तर नको म्हणा, माझे तरी हेच सांगणे आहे.

देवळांत काय पाळायचे?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस, पूर्ण पँट, सगळे उत्तम. चालू देवळात चपला बाहेर. पाय मूर्तीकडे करून बसायचे नाही. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, काही द्यायचे तर समोर ठेवायचे.

झाडातल्या मस्तकासमोर फोटो काढताना खाली बसावे लागते, आपले डोके बुद्धाच्या डोक्यापेक्षा उंच असू नये म्हणून. तिथला रखवालदार खुणेने बसायला सांगतो, ते रागावणे नसते. डोके नसलेल्या मूर्तीमागे उभे राहून आपले डोके तिथे लावून फोटो काढू नका, आणि विटांच्या मनोऱ्यांवर चढू नका. राजघराण्याबद्दल, हसण्यावारीसुद्धा, काही बोलू नका. तिथे त्याला कडक कायदा आहे. पडलेली नोट पायाने अडवू नका, तिच्यावर राजाचे चित्र असते.

शाकाहारी माणसाने काय खायचे?

मांस नको म्हटले तरी फिश सॉस येतो, हे आधी समजून घ्या. भाजीच्या परतलेल्या ताटातही तो असतो, कारण तिकडे तो मिठासारखा वापरतात. कोळंबीची चटणीही अनेक पदार्थांत असते. म्हणून चौथ्या चिठ्ठीवर हे सगळे वेगवेगळे लिहून घ्या: मांस नको, मासे नको, कोळंबी नको, फिश सॉस नको, ऑयस्टर सॉस नको, अंडे चालेल की नाही.

‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. हे बौद्ध पद्धतीचे कडक शाकाहारी जेवण, त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नसते आणि कांदा-लसूणही नसतो. अशा दुकानावर पिवळ्या कापडावर लाल अक्षरे असतात आणि ती इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. ही खूण पाहून बिनधास्त आत शिरा. जैन शेजाऱ्यांसाठी सांगते, बटाटा आणि इतर कंदमुळे त्यात चालतात, ती वेगळी सांगावी लागतील. ‘मांगसाविरत’ म्हटले तर शाकाहारीच, पण अंडे आणि दूध असू शकते.

अयुथयाचा प्रसिद्ध खाऊ रोटी साय माय. पातळ रंगीत पोळीत म्हातारीचे केस गुंडाळून खायचे. इस्पितळाजवळच्या ऊ थोंग रस्त्यावर याची दुकाने ओळीने आहेत. उपास असेल तर कापलेली फळे आणि शहाळे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. फळांबरोबरची तिखट-गोड मिठाची पुडी बाजूला ठेवायची. थेपले, दशम्या, खाकरा बरोबर असावेच, त्यात कमीपणा काही नाही.

आणि मासे खाणाऱ्यांनी?

नदीतली मोठी कोळंबी, निखाऱ्यावर भाजलेली. वजनावर विकतात, म्हणून भाजायच्या आधी कॅल्क्युलेटरवर पूर्ण किंमत दाबून घ्या. बोट नूडल्सच्या रश्शात डुकराचे किंवा गाईचे रक्त घालतात, चालत नसेल तर ते दुकान टाळा.

किती थाई शब्द पाठ करावेत?

सहा-सात पुरे. नमस्कार: सवादी. आभार: खोप खुन. दोन्हीच्या शेवटी बाईने ‘खा’ आणि पुरुषाने ‘ख्राप’ जोडायचे, समोर कोण आहे याने फरक पडत नाही. केवढ्याला: थाउ राय. घालू नका: माय साय, आणि पुढे पदार्थ, फिश सॉस म्हणजे नाम प्ला. स्वच्छतागृह: होंग नाम. रेल्वे स्टेशन: सथानी रोत फाय. तिखट नको: माय फेत. हा ‘फ’ ओठ मिटून, फणसातल्यासारखा म्हणा. ‘पेत’ म्हटले तर ते बदक होते. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे फरक थाईत महत्त्वाचे आहेत आणि ते आपल्या जिभेला लहानपणापासून येतात. सुरांचे चढउतार मात्र एका दिवसात जमणार नाहीत, त्याची चिंता नको.

भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये मराठीत बोलायचे तर चार-पाच शब्दांचे वाक्य करा. ‘परतीची शेवटची गाडी किती वाजता?’ असे. आधी आपली हकीकत सांगून मग प्रश्न विचारला की भाषांतर बिघडते.

पैसे किती आणि कसे न्यावेत?

रोख बाट हवेतच. होडी, टुकटुक, खाऊ, देवळांची तिकिटे, सगळे रोखीत. सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. भाव ऐकला की तीनने गुणा, रुपये साधारण कळतात. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास वेगळे शुल्क घेते, म्हणून थोडे थोडे काढू नका. यंत्राने बाट की रुपये असे विचारले तर बाट निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

फक्त बायकांचा गट आहे, किंवा एकटीच आहे. सुरक्षित आहे का?

दिवसाउजेडी हा मार्ग बायकांसाठी सोपा आहे. गाडीत शाळकरी मुले, नोकरदार, भाजीवाल्या असतात. अंधार पडण्याआधी परतीच्या गाडीत असा आणि निघताना हॉटेलवर सांगून जा. भटक्या कुत्र्यांपासून लांब राहा, अवशेषांच्या कडेला ती बरीच दिसतात.

चुकामूक झाली तर?

सकाळीच ठरवून ठेवा: एखाद्या देवळात हरवलो तर त्याच्या तिकीट खिडकीपाशी थांबायचे, आणि तासाभरात कोणी आले नाही तर अयुथया रेल्वे स्टेशन. हरवलेल्याने शोधत फिरू नये. प्रत्येकाकडे हॉटेलची चिठ्ठी, थोडे बाट आणि चालू फोन हवा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, तिथे इंग्रजी बोलणारे मिळतात. रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, रेल्वेची चौकशी १६९०. हे चार आकडे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा.

पासपोर्ट बरोबर न्यावा का?

मी मूळ पासपोर्ट अंगावरच, कपड्यांच्या आतल्या पाकिटात ठेवायला सांगते. परदेशी माणसाकडे ओळखपत्र मागितले जाऊ शकते. झेरॉक्स आणि शिक्क्याच्या पानाचा फोटो हॉटेलच्या खोलीत आणि घरच्यांच्या फोनमध्ये. हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग बँकॉकमधला भारतीय दूतावास, सुखुमवितच्या सोई २३ वर.

स्वच्छतागृहे कशी असतात?

स्टेशनावर आणि देवळांजवळ असतात, कुठे कुठे काही बाट द्यावे लागतात. पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी असतो.

आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. तिला नेऊ का?

न्या. फक्त दिवस छोटा करा: तीन ठिकाणे, टुकटुक दिवसभराची, दुपारी बारा ते दोन कुठेतरी पंख्याखाली. अवशेषांची जमीन उंचसखल आहे, विटा निसटलेल्या आहेत, काठी हवी. वात फानान चोएंगमध्ये तिला हवा तितका वेळ बसू द्या. फुले, उदबत्त्या, हात जोडून बसलेली माणसे. तिथे तिला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. आणि टुकटुक ठरवण्याचे काम तिच्याकडे द्या. घासाघिशीत मुंबईच्या बायकांचा हात धरणारे कमी, कॅल्क्युलेटर हातात दिला की त्या भाषेसाठी अडून राहत नाहीत.

कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये ऊन असह्य असते आणि अवशेषांत सावली नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्या भरतात. २०११ च्या महापुरात इथले बरेच अवशेष पाण्यात होते. मे महिन्याच्या सुट्टीतच जमत असेल तर सकाळी सहाला निघून दुपारच्या गाडीने परत या.

परतीची गाडी चुकली तर?

उतरल्या उतरल्या, बेटाकडे जाण्याआधी, स्टेशनावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि खिडकीतल्या माणसाकडून दुपारनंतरच्या गाड्यांवर खूण करून घ्या. गाड्या उशिरा येतात, परतताना तर अधिकच, म्हणून शेवटच्या गाडीवर कधीही अवलंबून राहू नका. एक चुकली तरी दुसरी असते. गाड्याच बंद असतील तर गावातून बँकॉकला छोट्या व्हॅन जातात, हॉटेलची चिठ्ठी दाखवली की कोणत्या व्हॅनमध्ये बसायचे ते सांगतात.

त्याच रात्री मुंबईचे विमान आहे. तरी जाऊ का?

विमान मध्यरात्रीनंतरचे असेल तरच. सामान हॉटेलात ठेवा, दुपारी दीड-दोनच्या गाडीने अयुथया सोडा, बॅगा घ्या आणि सुवर्णभूमी विमानतळावर विमानाच्या तीन तास आधी पोहोचा. संध्याकाळी पाच ते आठ रस्ते तुंबतात, त्या वेळी टॅक्सीऐवजी फाया थाई किंवा मक्कासानहून विमानतळाची रेल्वे घ्या. काही विमाने डॉन मुआंगहून सुटतात. ते विमानतळ अयुथयाच्याच रेल्वेमार्गावर आहे, तेव्हा लहानशी बॅग बरोबर असेल तर परतताना तिथेच उतरता येते. मात्र तुमची गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढतानाच खिडकीत विचारा. विमान संध्याकाळचे असेल तर अयुथया पुढच्या वेळेसाठी ठेवा आणि त्या दिवशी बँकॉकमध्येच नदीच्या बोटीने फिरा.